रंगरुटाची रायफल आणि पोराची रेसिंग मोटारसायकल



या ब्लॉगवर बहुतेक वेळा पलटणी, छावण्या आणि जुन्या लढायांबद्दल लिहितो. आजचा विषय मोटारसायकलचा आहे. तोही रस्त्यावरच्या मोटारसायकलचा नाही, तर बारा-पंधरा वर्षांच्या मुलांना रेसिंग शिकवण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या मोटारसायकलचा. फौजी माणसाचा याच्याशी काय संबंध, असं विचाराल. संबंध आहे, आणि तो सिखलाईचा आहे.

आपल्याकडे नवा रंगरूट सेंटरला आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात मशीनगन देत नाहीत. आधी ड्रिल, मग हत्याराची ओळख, मग खोलजोड, मग कोरं फायरिंग, आणि बऱ्याच दिवसांनी रेंज. एनसीसीच्या पोरांना तर पॉइंट टू टूची रायफल देतात. तिचा धक्का कमी, आवाज कमी, गोळी स्वस्त. पण शिस्त बांधणं, श्वास धरणं, ट्रिगर दाबणं हे सगळं तिच्यावर तसंच शिकता येतं. शिकण्यासाठी वेगळं हत्यार लागतं, हे फौजेला फार पूर्वी कळलं. मोटारसायकल रेसिंगच्या जगाला ते कळायला बराच वेळ लागला. ते कसं कळलं, आणि कळूनही काय उरलं, तेवढंच आज सांगायचं आहे.

शोलावरमची धावपट्टी

चेन्नईला पोस्टिंग झालेल्या प्रत्येकाला सेंट थॉमस माउंट आणि आवडी माहीत असते. शहराच्या उत्तरेला रेड हिल्सच्या पुढे, कोलकात्याच्या हायवेवर शोलावरम नावाचं गाव आहे, ते मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानांसाठी धावपट्टी बांधली होती. युद्ध संपलं, विमानं गेली, पट्टी राहिली. १९५० च्या दशकापासून मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या मंडळींनी त्याच पट्टीवर मोटारी आणि मोटारसायकलींच्या शर्यती भरवल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत भारतातल्या रेसिंगचं पंढरपूर म्हणजे शोलावरम होतं.

यात नवल काही नाही. इंग्लंडमधलं प्रसिद्ध सिल्व्हरस्टोनसुद्धा मुळात हवाई दलाचा तळच. १९४८ मध्ये तिथे ब्रिटिश ग्रां प्री झाली ती धावपट्ट्यांवर आणि त्यांच्या कडेच्या रस्त्यांवर, गवताच्या गंज्या लावून. युद्धाने जगभर सपाट, रुंद, मोकळ्या पट्ट्या मागे ठेवल्या आणि वेगाचं वेड असलेल्या लोकांनी त्या उचलल्या.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक तमिळ सुभेदार साहेब होते. त्यांचं बालपण त्याच भागातलं. दुपारच्या चहाला त्यांना शोलावरमबद्दल विचारलं की चेहरा उजळायचा.

"साहेब, पण तेव्हा रेसची गाडी कुठून यायची?" मी एकदा विचारलं.

"रेसची गाडी?" ते हसले. "अरे, सकाळी ज्या गाडीवर दूध आणायला जायचे, तीच दुपारी रेसला. लाइट काढली, मडगार्ड काढलं, सायलेन्सर कापला, झाली रेसची गाडी."

त्यांच्या बोलण्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण गोष्ट खरी होती. मद्रासमध्ये त्या काळी बुलेट होती. मुळात फौजेला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती, त्या मागणीतून बुलेट भारतात रुजली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्लंडची रॉयल एनफिल्ड यांची भागीदारी झाली आणि तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. पुढे दोन-स्ट्रोकचा जमाना आला. १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली. ९८ सीसीचं इंजिन, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. तिने रस्त्यावर जेवढं नाव कमावलं तेवढंच ट्रॅकवर. टीव्हीएसने १९८२ मध्येच स्वतःचा रेसिंग विभाग काढला होता.

१९९० मध्ये चेन्नईच्या दुसऱ्या बाजूला, बंगळुरूच्या हायवेवर श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला पक्का ट्रॅक झाला. लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. आता धावपट्टी नव्हती, खरी वळणं होती. गाड्या मात्र त्याच, रस्त्यावरच्या, सोललेल्या.

या पद्धतीत काय चुकत होतं? दोन गोष्टी. पहिली, रस्त्यावरची गाडी ऑफिसला जाण्यासाठी, मागे बायको-मुलं आणि पुढे पिशवी घेऊन जाण्यासाठी बांधलेली असते. तिची चौकट, तिचे ब्रेक, तिचं सस्पेन्शन ताशी साठ-सत्तरच्या हिशोबाचं असतं. इंजिन फुगवून ती दुप्पट वेगाने पळवली की इंजिन पळतं, पण बाकीची गाडी मागे राहते. वळणात चौकट वळवळते, ब्रेक तापून हातात सोडतात. दुसरी गोष्ट, ज्याच्या बापाकडे चांगला मेकॅनिक आणि पैसा, त्याची गाडी वेगवान. म्हणजे जिंकणारा पोरगा चांगला चालवतो म्हणून जिंकला, की त्याच्या मेकॅनिकने पोर्ट चांगले घासले म्हणून, हे कुणालाच सांगता येत नाही. शूटिंग स्पर्धेत प्रत्येकाने घरून आपापली रायफल आणली तर नेमबाज कसा निवडणार?

कोइम्बतूरचा माणूस

या प्रश्नाचं पहिलं देशी उत्तर मोटारसायकलमध्ये नाही, मोटारीत मिळालं. कोइम्बतूरच्या गिरणीमालक घराण्यातले एस. करिवर्धन स्वतः रेसर होते आणि गाड्या बांधण्याची त्यांना नाद म्हणावी अशी आवड होती. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी मारुती ८०० चं इंजिन घेऊन एक छोटी, एकट्या ड्रायव्हरची, उघड्या चाकांची रेसिंग कार बांधली. तिचं नाव फॉर्म्युला मारुती. इंजिन देशात कुठेही मिळणारं, सुटे भाग स्वस्त, आणि सगळ्यांना सारखीच गाडी. नवख्या मुलाने शिकावं म्हणूनच ती बांधली होती.

तिचा परिणाम किती झाला, ते एका नावावरून कळेल. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये धावणारा पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन. तोही कोइम्बतूरचा, आणि त्याची सुरुवात याच फॉर्म्युला मारुतीवर झाली. करिवर्धन १९९५ मध्ये छोट्या विमानाच्या अपघातात गेले. कोइम्बतूरजवळच्या चेट्टिपाळयमला २००३ मध्ये सुरू झालेला कारी मोटर स्पीडवे त्यांच्या नावाचा आहे.

मोटारसायकलमध्ये असा माणूस आपल्याकडे त्या वेळी निघाला नाही. त्यामुळे पुढची गोष्ट सांगायला युरोप आणि जपानला जावं लागतं.

दोन-स्ट्रोकची शाळा

तिकडे एक वेगळी परंपरा होती. होंडासारख्या कंपन्या कारखान्यातूनच तयार रेसिंग मोटारसायकल विकत. ती रस्त्यावर चालवताच येत नसे. दिवा नाही, आरसा नाही, किक नाही, स्टँडसुद्धा नाही. होंडाची आरएस१२५आर ही त्यातली सगळ्यात नावाजलेली. १२५ सीसीचं दोन-स्ट्रोक इंजिन, सायकलला शोभेल असं हलकं अंग. जगभरातल्या कित्येक रेसरांनी पहिले धडे तिच्यावर गिरवले.

पण दोन-स्ट्रोक रेसिंग इंजिन ही लहरी बाई. आपल्या ईएमईच्या मंडळींना हे सांगायला नको. सकाळी हवा थंड आणि दाट, दुपारी गरम आणि विरळ. त्याप्रमाणे कार्ब्युरेटरचा जेट बदलावा लागतो. जेट चुकला तर इंजिन एक तर गुदमरतं, नाही तर तापून पिस्टन सिलिंडरला चिकटतो. तेही वळणात चिकटलं तर मागचं चाक लॉक होतं आणि पोरगा हवेत. पिस्टन आणि रिंगा वरचेवर बदलाव्या लागत. म्हणजे मुलाबरोबर एक हुशार मेकॅनिक सतत हवा, आणि हुशार मेकॅनिकला पगार हवा. पुन्हा पैशाचाच प्रश्न आला.

१९९९ मध्ये स्पेनमध्ये माजी रेसर अल्बर्टो पुइग यांनी मुलं निवडण्यासाठी एक मालिका चालवली. त्यातून डॅनी पेद्रोसा पुढे आला, जो नंतर तीन वेळा जगज्जेता झाला. पुइग यांचा विचार एखाद्या सिलेक्शन बोर्डासारखा होता. सगळ्यांना सारखं यंत्र द्या आणि मग बघा कोण काय करतो.

२००७ मध्ये हाच विचार मोठ्या प्रमाणावर आला. रेड बुल मोटोजीपी रुकीज कप सुरू झाला. केटीएमने सगळ्या मुलांसाठी एकसारख्या १२५ सीसी दोन-स्ट्रोक रेसिंग मोटारसायकली दिल्या. मोटारसायकल आयोजकांची, टायर आयोजकांचे, देखभालही आयोजकांची. मुलाने यायचं, चालवायचं, जायचं. पहिल्याच वर्षीचा विजेता फ्रान्सचा योहान झार्को. तो पुढे दोन वेळा मोटो२ चा जगज्जेता झाला.

यंत्र मुद्दाम बांधलं म्हणजे काय केलं?

खरा बदल आला तो चार-स्ट्रोकमुळे. मोठ्यांच्या वर्गात २००२ पासून चार-स्ट्रोक इंजिनं आली होती, मधल्या वर्गात २०१० ला. सगळ्यात लहान १२५ सीसी दोन-स्ट्रोक वर्ग २०११ ला संपला आणि २०१२ पासून त्याच्या जागी मोटो३ आला. २५० सीसी, एकच सिलिंडर, चार-स्ट्रोक. सिलिंडरचा व्यास ८१ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असा नियम ठेवला, म्हणजे कुणी इंजिन बेसुमार वेगाने फिरवू नये.

होंडाने याच्या तयारीसाठी २०११ मध्येच एनएसएफ२५०आर जाहीर केली. आज अनेक देशांत मुलांना रेसिंग शिकवणारी जी गाडी आहे, ती हीच. तिच्याकडे जरा नीट बघू, कारण ‘मुद्दाम बांधलेली’ म्हणजे काय, ते तिथे कळतं.

आपली जुनी बुलेट ३५० आठवा. पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. लांब स्ट्रोक म्हणजे बैलासारखी ताकद आणि बैलासारखीच चाल. एनएसएफचा व्यास ७८ मिलिमीटर आणि स्ट्रोक फक्त ५२.२. पिस्टनला वर-खाली कमी अंतर जायचं असल्यामुळे इंजिन मिनिटाला १३,००० फेऱ्यांपर्यंत फिरतं आणि तिथे सुमारे ४८ हॉर्सपॉवर देतं. बुलेट १८ च्या आसपास देते. आणि वजन? एनएसएफचं कोरडं वजन ८४ किलो. बुलेटच्या जवळपास निम्मं.

दुसरी गोष्ट. नेहमीच्या मोटारसायकलमध्ये हवा सिलिंडरच्या मागून आत जाते आणि धूर पुढून बाहेर पडतो. म्हणून सायलेन्सरचा पाइप इंजिनाच्या पुढून वळसा घेऊन खालून मागे जातो. होंडाच्या इंजिनीअरांनी ते उलटं केलं. सिलिंडर १५ अंश मागे कलवला, हवा पुढून सरळ आत, धूर मागून सरळ बाहेर. पाइपाचा वळसा गेला, इंजिनाचं वजन हवं तिथे आणता आलं आणि गाडी आटोपशीर झाली. रस्त्यावरची गाडी सोलून हे होत नाही. त्यासाठी कोऱ्या कागदावरच सुरुवात करावी लागते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती कागदावरच्या आकड्यांत दिसत नाही. कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. सकाळ-दुपारच्या हवेचा हिशोब आता संगणक करतो. जेट बदलणारा जादूगार मेकॅनिक नको. त्यामुळे पंधरा-वीस गाड्या एकसारख्या ठेवता येतात. शिवाय चार-स्ट्रोकमध्ये थ्रॉटल सोडला की इंजिन गाडीला मागे ओढतं. हे इंजिन ब्रेकिंग सांभाळायची सवय मुलाला लहानपणीच लागली की पुढे मोठ्या गाडीवर गेल्यावर नव्याने शिकावं लागत नाही. .२२ वर शिकलेली पकड मोठ्या रायफलवर चालते, तसंच.

२०१३ मध्ये रुकीज कपनेही दोन-स्ट्रोक सोडून केटीएमची आरसी २५० आर ही चार-स्ट्रोक गाडी घेतली. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, रुकीज कप जिंकला स्पेनच्या होर्हे मार्टिनने. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, तो मोटोजीपीचा जगज्जेता झाला. त्याच २०१४ मध्ये आशियातल्या मुलांसाठी एशिया टॅलेंट कप सुरू झाला, होंडाच्या एनएसएफवर, आणि मुलं निवडायला पुन्हा तेच पुइग.

चाकणची गाडी, मुंबईची गाडी

आता आपल्या मातीचा संबंध सांगतो, कारण तो खरोखर आहे.

मुद्दाम बांधलेली गाडी महाग पडते. म्हणून काही देशांनी मधला मार्ग काढला. गाडी रस्त्यावरचीच, पण कारखान्यातूनच रेससाठी सजवलेली, आणि सगळ्यांना सारखी. केटीएमची आरसी ३९० ही त्यातली एक. जर्मनीतल्या एडीएसी ज्युनियर कपमध्ये २०१४ ला ती आली. अमेरिकेतही २०१५ आणि २०१६ मध्ये तरुणांच्या मालिकेत ती धावली. ही आरसी ३९० बनते पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात. जर्मनीतला एखादा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा ज्या गाडीवर रेसिंग शिकला, ती मावळातल्या पोरांनी जोडलेली होती. पुणे-नाशिक हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर हे आठवावं, तेवढंच बरं वाटतं.

दुसरी गोष्ट महिंद्राची. मुंबईच्या या कंपनीने २०११ मध्ये जागतिक १२५ सीसी वर्गात पाऊल ठेवलं आणि त्या वर्गाच्या शेवटच्या रेसला, व्हॅलेन्सियाला, डॅनी वेबने महिंद्रावर पोल पोझिशन घेतली. मग मोटो३ साठी महिंद्राने स्वतःची गाडी उभी केली, एमजीपी३ओ. २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या आसेन ट्रॅकवर इटलीच्या फ्रान्सेस्को बान्यायाने महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला. बान्याया पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये मोटोजीपीचा जगज्जेता झाला. आणि त्या संघात त्याचा जोडीदार कोण होता? होर्हे मार्टिन. म्हणजे लागोपाठ तीन वर्षांचं मोटोजीपीचं जगज्जेतेपद ज्या दोघांकडे गेलं, ते दोघेही लहानपणी भारतीय नावाच्या गाडीवर घडले.

२०१७ च्या अखेरीस महिंद्रा त्या वर्गातून बाहेर पडली. मला या कहाणीत एक सल वाटतो. यंत्र होतं, पैसा होता, जागतिक दर्जाचा विजय होता. पण त्या गाडीवर पूर्ण मोसम धावेल असा भारतीय मुलगा नव्हता. चेन्नईचा सरथकुमार २०११ मध्ये १२५ सीसी वर्गात उतरला होता आणि ग्रां प्रीच्या ट्रॅकवर जाणारा पहिला भारतीय ठरला होता, पण तो दुसऱ्या संघाकडून, आणि तेवढ्यापुरताच. तोफ आली, तोफची आले नाहीत. कारण तोफची एका वर्षात तयार होत नाही. तो दहाव्या-बाराव्या वर्षापासून घडवावा लागतो.

आपल्याकडे उशिरा, पण आलं

२०१९ मध्ये होंडाने भारतातल्या टॅलेंट कपमध्ये एनएसएफ२५०आर आणली. याआधी आपल्या पोरांना १५० सीसीची सजवलेली रस्त्यावरची गाडी मिळत होती. आता स्पेन, जपान आणि मलेशियातला मुलगा ज्या यंत्रावर शिकतो त्याच यंत्रावर चेन्नई, कोइम्बतूर आणि बंगळुरूचा मुलगा बसू लागला. निदान यंत्राच्या बाबतीत तरी स्टार्टलाइन एक झाली.

२०२२ मध्ये त्याच्याही खालची पायरी आली. एफआयएम मिनीजीपी ही जागतिक मालिका २०२१ ला सुरू झाली होती, ती पुढच्या वर्षी भारतात आली. वय १० ते १४. गाडी इटलीतल्या ओहवाले कंपनीची, १६० सीसी, दहा इंची चाकं, कार्टिंगच्या छोट्या ट्रॅकवर चालणारी. लांबून बघितलं तर खेळणं वाटतं. जवळून बघितलं तर ब्रेक, सस्पेन्शन, बसायची ढब सगळं मोठ्या रेसिंग गाडीचंच, फक्त आकार पोराच्या मापाचा. कोल्हापूरच्या किंवा नाशिकच्या वाचकांनी हे ध्यानात घ्यावं, कारण मोठे ट्रॅक आपल्या राज्यात नाहीत. पण कार्टिंगचे छोटे ट्रॅक आहेत, आणि दहा इंची चाकांच्या गाडीला तेवढी जागा पुरते.

किंमत

इथवर वाचून वाटेल की प्रश्न सुटला. तसं नाही. आणि हेच मला आज सांगायचं होतं.

२०२१ हे वर्ष या खेळासाठी फार वाईट गेलं. मे महिन्यात इटलीत मुजेलोला मोटो३ चा जेसन दुपास्किए गेला, वय १९. जुलैमध्ये स्पेनमध्ये आल्कान्यीथच्या ट्रॅकवर युरोपियन टॅलेंट कपच्या रेसमध्ये उगो मियान गेला, वय १४. सप्टेंबरमध्ये हेरेथला डीन बेर्ता व्हिन्यालेस गेला, वय १५. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा गेला. अतिशय गुणी पोरगा होता. त्या दिवशी इरुंगट्टुकोट्टईची उरलेली शर्यत थांबली.

या अपघातांत एक धागा वारंवार दिसतो. मुलगा पडतो तेव्हा बहुधा घसरत जातो, अंगावर चामड्याचा सूट असतो, हेल्मेट असतं, आणि तो उठून चालायला लागतो. जीव जातो तो पडल्यामुळे कमी आणि मागून येणारी गाडी अंगावर गेल्यामुळे जास्त.

मग मागून इतक्या जवळ गाडी का असते? इथेच पेच आहे. आपण सगळ्यांना सारखी गाडी दिली. कुणाचंही इंजिन जास्त ताकदीचं नाही, त्यामुळे कुणीच पुढे निसटू शकत नाही. सरळ पट्ट्यावर पुढच्याच्या मागे हवेचा आडोसा मिळतो, मागचा त्यात शिरतो आणि ओढला जाऊन पुढे येतो. पुढच्या फेरीत उलटं. पंधरा-वीस पोरं एकमेकांच्या चाकाला चाक लावून ताशी दोनशेच्या घरात जातात. बघायला यासारखी रेस नाही. पण त्या झुंडीत पहिल्या पाचांतला एक पडला की मागच्यांना वळायला जागाच नसते. व्हिन्यालेस ज्या वर्गात होता तो रस्त्यावरच्या ३०० सीसी गाड्यांचा, म्हणजे मुद्दाम बांधलेल्या यंत्रांचा नव्हता. तिथेही तेच, कारण तिथेही नियमांनी गाड्यांचा वेग एका पातळीवर आणला होता. न्याय देण्यासाठी जी समानता आणली, तिनेच ही झुंड तयार केली.

आपल्याला हे नवीन नाही. कॉनव्हॉय निघताना उस्ताद पहिली गोष्ट कोणती सांगतो? गाडी ते गाडी अंतर. डोंगरात गाड्या सगळ्या सारख्या, ड्रायव्हर सगळे सारखे शिकलेले, तरी अंतर सोडलं नाही तर एक ब्रेक लागला की पाच गाड्या एकमेकींवर. यंत्र चांगलं आहे म्हणून कॉनव्हॉयची शिस्त माफ होत नाही. अडचण एवढीच की कॉनव्हॉयमध्ये अंतराची ऑर्डर देता येते. रेसमध्ये ती देता येत नाही, कारण अंतर कमी करणं हाच तर खेळ आहे.

मग उपाय इतर बाजूंनी करावे लागतात. २०२१ नंतर जागतिक संघटनेने वयाची मर्यादा वाढवायला सुरुवात केली आणि २०२३ पासून जागतिक ग्रां प्री वर्गांसाठी साधारण नियम १८ वर्षांचा झाला. त्याआधी २०१८ पासून ग्रां प्रीच्या तिन्ही वर्गांत सूटमध्ये एअरबॅग सक्तीची झाली होती. पोरगा गाडीवरून सुटला की पडायच्या आत ती फुगते आणि खांदा, हाडं वाचवते. ट्रॅकच्या बाजूला पसरट मोकळी जागा, झेंडा दाखवणाऱ्या मार्शलची तयारी, काही मिनिटांत पोचणारी अ‍ॅम्ब्युलन्स आणि त्यातला डॉक्टर, हे सगळं त्या यंत्राचाच भाग समजायला हवं. ८४ किलोची गाडी आणताना तेवढीच गाडी आणली तर निम्मंच सामान आलं.

फौजेत कोणतंही नवं हत्यार आलं की त्याच्याबरोबर पुस्तिका येते, कोर्स येतो, उस्ताद येतो, रेंजचे सुरक्षा नियम येतात. उस्ताद तयार नसेल तर हत्यार कोतमध्येच राहतं. मुलांच्या रेसिंगला मी हाच नियम लावेन. पोराला रेंजवर न्यायचं की नाही हे रायफल ठरवत नाही, रेंज ठरवते.

निवृत्त मित्रांसाठी

काही माजी सैनिक मित्र विचारतात, "साहेब, नातवाला रेसिंगचं वेड आहे, काय करू?" उत्तर मी माझ्या परीने देतो, पटलं तर घ्या.

त्याला रस्त्यावर सोडू नका. आज आपल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत सतरा-अठरा वर्षांची पोरं २०० सीसीच्या गाड्या रात्री हायवेवर पळवतात, हेल्मेटशिवाय, समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यात. तिथे न मार्शल, न मोकळी जागा, न डॉक्टर. रेसिंगचं वेड जात नसेल तर ते ट्रॅकवर जाऊ द्या. पायरीने जाऊ द्या: आधी छोट्या चाकांची गाडी, मग सजवलेली रस्त्यावरची, मग रेसिंगसाठी बांधलेली. कुणी बारा वर्षांच्या पोराला मधली पायरी गाळून थेट वर बसवतो म्हणाला, तर त्याला दोन प्रश्न विचारा: ट्रॅकवर डॉक्टर किती मिनिटांत पोचतो, आणि सूटमध्ये एअरबॅग आहे का? उत्तर देताना तो अडखळला तर नातवाला घेऊन परत या. पोराचं तोंड दोन दिवस फुगेल, तेवढं चालतं.

आपण सगळ्यांनी आयुष्यात एकदा तरी पाहिलं आहे, की चांगला उस्ताद रंगरुटाला घाई करू देत नाही. तो त्याला हत्याराच्या लायक होईपर्यंत थांबवतो. जगातल्या हुशार इंजिनीअरांनी मुलांच्या मापाचं हत्यार बनवून दिलं आहे. उस्तादाचं काम अजून आपल्याकडेच आहे.

जय हिंद.